तागडी

काराकोलच्या बाजारात
सफरचंदांच्या तागडीत
आयसुलूनं सायकलच्या पिशव्या टाकल्या.
तागडीवाला हसला,
"ओशला जाऊन दुकान थाटणार का?"

घरी येऊन तिनं
टूथब्रशची दांडी करवतून अर्धी केली.
नकाशातला चीन कापून काढला,
तिकडे जायचंच नाही.
दुसरा स्वेटर बाहेर. मग आत. मग बाहेर.
तंबूच्या खुंट्या बारातल्या आठच घेतल्या,
बाकीचं वाऱ्यावर सोडलं.

तीस वर्षं नर्स होती.
त्याच बोटांनी चाकाचे आरे चाचपले:
एक सैल,
नाडी चुकल्यासारखा.

शेजारचा तेमिर्लान वहीत हिशेब मांडतोय.
"एजे, आठशे ग्रॅम वाचले!"

मग ती तळघरात उतरली.
वर आली ती
रासबेरीच्या मुरंब्याची बरणी घेऊन.
काचेची. दोन किलो भरेल.
लोकरी मोज्यात गुंडाळून
डाव्या पिशवीत, अगदी तळाशी.

पोराची पेन्सिल थांबली.
"हे लिहू?"

ओशला तिची बहीण असते.
अकरा वर्षं बोलणं नाही.

"नको," ती म्हणाली,
आणि सायकल कलू नये म्हणून
उजव्या पिशवीत
दोन किलो बटाटे भरले.