अर्थ

उद्यमनगरात, दस्तगीर मिस्त्रींच्या दारात
ती पहिल्याच चावीला सुरू झाली.
रात्री रंकाळ्यावर मेली होती. नुसतं टक्.
"डागदर दिसला की दुखणं पळतंय," मिस्त्री म्हणाले.

बॅटरी नवी. स्टार्टर भरून आणलेला.
सोलेनॉइड बदलला, तरी मर्जीनं चालू,
मर्जीनं बंद: बासष्ट सालची एमजी, दोनच दारं.

चौथ्या दिवशी, भर दुपारी, शेवटी रुसली.
मिस्त्रींना कोण आनंद!
"थांब. हात लावू नको कशाला."
बॅटरीवर दिवा लख्ख.
एक टोक इंजिनाच्या अंगाला टेकवलं, चावी मारली,
तर पिवळा, मरगळलेला.
पोतं टाकून ते खाली सरकले. फक्त चपला बाहेर.

"चेसीला रंग कुणी दिला?"
मी. दिवाळीत. दोन हात, लालभडक,
पट्टीच्या बोल्टाखालीसुद्धा, एक जागा न सोडता.
"मग अर्थ कुठनं लागंल हिला?"

घासकागदानं नखाएवढं खरवडलं.
खाली पत्रा, नागडा, चकचकीत.

"आता धा वेळा चालू कर, बंद कर.
अकराव्याला मी पैसे घेतो."
सातव्याला माझाच हात चावीवर अडला.
खालून आवाज आला:
"काय रं, तू रुसलास व्हय?"