विसावा

रिओ ग्रांदेत झाड असं नाही.
जे आहे ते वाऱ्यापुढे इतकं वाकलेलं
की सुटलेली बस पकडायला धावतंय वाटतं.
मीही तशीच धावले एकोणीस दिवस,
पहाटे पावणेसहाला, कानटोपी दातांत धरून,
टीव्हीच्या कारखान्यात
पाठीचं झाकण बसवायला.
आठ स्क्रू. चौथा नेहमी तिरका जायचा.
अकराव्या दिवशी तो सरळ बसला
तेव्हा शेजारची ग्लादिस म्हणाली, झालीस तू इथली.

विसाव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी
बत्तीस जणांना बोलावलं, आडनावांच्या क्रमाने.
माझं आडनाव सुरिता. आमच्या मुळाक्षरांत
ते अगदी शेपटाला येतं.
तोवर मी एकतीस पाठी बघितल्या
दारातून आत जाताना.
चेहरा एकही नाही,
बाहेर दुसऱ्या दाराने सोडत होते.

आत एक मुलगा होता, माझ्या धाकट्या भावाएवढा.
पाणी हवंय का विचारलं त्याने.
मग म्हणाला, मागणी घटलीय, तुम्हाला कमी केलंय.
कमी केलंय.
डब्यातून चमचाभर साखर काढावी
तसं हलक्या हाताने.
डबा तसाच दिसतो नंतरही.
ओळखपत्र द्या, म्हणाला.
त्यावरचा फोटो पहिल्या दिवसाचा,
अर्धे केस तोंडात, तरी हसतेय.
फोटो तरी राहू द्या, म्हटलं.
तो प्लास्टिकच्या आत आहे, म्हणाला.

हे बूट सहा हप्त्यांवर घेतलेत.
पहिला हप्ता पुढच्या शुक्रवारी.
त्यांना अजून काही कळलेलं नाही,
कोपऱ्यावर आले की आपले कारखान्याकडेच वळतात.

येताना तीन दिवस, चार रात्री बस.
तुकुमानहून निघताना आईने पिशवीभर लिंबं दिली,
परसातल्या झाडाची, जाड सालीची.
तिकडे म्हणे गवताशिवाय काही उगवत नाही.
वाटेत चिलीची हद्द लागते,
फळ म्हणून नेऊ देत नाहीत पलीकडे.
शिपायाने पिंप दाखवलं.
लोक मुकाट्याने सफरचंदं टाकत होते.
मी आणि रोसेन्दो रांगेतून बाजूला झालो
आणि चौदाच्या चौदा लिंबं खाल्ली तिथेच उभ्याने.
शिपाई बघत राहिला.
मग आत जाऊन मीठ घेऊन आला.
सामुद्रधुनी ओलांडताना फेरीबोटीवर
ओठ असे सोललेले की बोलवेना,
नुसते एकमेकांकडे बघून हसत होतो.
तेव्हा वाटलं होतं,
द्यायचं ते सगळं इथे देऊन झालं.

रोसेन्दोला रोजावर काम मिळालंय, मासळीच्या गोदामात.
तो येईल तेव्हा सांगायचं वाक्य
मी दुपारपासून जुळवतेय.
आठच शब्द. चौथा तिरका जातो.

घरमालकीण एदुविना चिलोए बेटावरची,
चाळीस वर्षं झाली तिला इथे.
तिला माझ्याआधी कळलेलं होतं.
कढत पाव फडक्यात गुंडाळून आणला.
भाड्याचं मी काढायच्या आत म्हणाली,
आधी पडदे लाव बाई.
पडदे नसले की सगळ्यांना वाटतं
हे आता निघणारेत.

रात्री आईचा फोन.
जेवलीस का, थंडी किती, लिंबं पोचली का नीट.
पोचली, म्हटलं.
आज कितवा दिवस गं कामाचा?
विसावा.
बरं झालं, म्हणाली, पड जरा, पाय वर करून.

दहा वाजत आलेत, उजेड जायचं नाव नाही.
मी स्टुलावर चढलेय,
एका खिडकीचा पडदा झाला, दुसरीचा व्हायचाय.
खाली पायरीवर रोसेन्दो बुटांची माती झाडतोय,
एक पाय, मग दुसरा.
वर बघून विचारतो, आज लवकर आलीस?
माझ्या तोंडात पडद्याचे आकडे आहेत.
मी बोटाने खूण करते, थांब,
एवढे चार राहिलेत.