बिश्नूला धरून

सोहार, जुलैची शेवटची तारीख.
पोर्टा केबिनचा एसी बाहेरच्या डब्यात थेंब थेंब गळतो,
दोन साळुंक्या आळीपाळीने ते पाणी पितात.
साडेबारा ते साडेतीन बाहेरचं काम बंद, उन्हाचा कायदा.
आत माझं चालू.

बद्र साहेब दारातूनच म्हणाले, खांब छान आलेत,
आता त्यांच्यावरून सरासरीची एक रेघ ओढ.
रेघेखालचे पुढच्या करारात नकोत.
आणि चहा सांगायला गेले.

रेघ अशी ओढता येत नाही.
आधी शेजारचा रकाना भरायचा,
प्रत्येक नावासमोर तोच आकडा,
लग्नात आहेराच्या टोप्या वाटाव्यात तसा,
डोकं कुणाचंही असो, माप एकच.
मग त्या रकान्याला सांगायचं, तू खांब होऊ नकोस, रेघ हो.
तो ऐकतो.

सात वेल्डर, महिन्याभराचे जोड.
थंकच्चन एकशे चौसष्ट, सगळ्यात उंच,
तिथून उतरत उतरत मुर्शिद एकशे चोवीस,
आणि शेवटी बिश्नू थारू: शून्य.
एक तारखेला सकाळीच पाइपरॅकखाली कोसळला.
मूत्रपिंडं, म्हणाले.
त्याच्या जागी खांब नाही, खाली नुसतं नाव.

शून्य ठेवलं तर रेघ एकशे वीसवर.
एकशे वीस जोड कुणीच केलेले नाहीत,
पण सहाही जण तिच्या वर.
शून्य पुसून घर कोरं ठेवलं
तर एक्सेल बिश्नूला मोजतच नाही,
रेघ टुणकन एकशे चाळीसवर:
रफीकुल बरोबर तिच्यावर, कठड्यावर बसल्यासारखा,
दौलत मोहिते, रॉडेल, मुर्शिद खाली.
तीनदा पुसलं, तीनदा लिहिलं.

जो कामावर नव्हता त्याला सरासरीत धरू नये.
बी.कॉम.ला हेच उत्तर लिहून
मी पाचपैकी पाच घेतले होते.
बिश्नूचं तिकीट तर आधीच निघालंय,
काठमांडू, नऊ ऑगस्ट.
हे मी स्वतःला सांगितलं. दोनदा.

शून्य ठेवलं.

छापून पाहिलं तर रेघ कडेपर्यंत जात नाही.
पहिल्या खांबाच्या मध्यातून निघते,
थंकच्चन अर्धा बाहेरच,
आणि बिश्नूच्या नसलेल्या खांबाच्या
ऐन मध्यावर, हवेत, संपते.
लांबवता येते, त्याचीही युक्ती आहे.
मी लांबवली नाही.

संध्याकाळी दौलत मोहिते दाराशी,
हेल्मेट काखेत, भुवयांवर मिठाची पांढरी रेघ.
ताई, मी कुठंय?
वर. तेरानं.
त्यानं तेरा मनात दोनदा मोजले असावेत.
बिश्नूला धरून?
धरूनच, मी म्हणाले.

तो पुढे काही बोलला नाही.
जाताना काठोकाठ भरलेला डबा त्यानं मातीत ओतला
आणि रिकामा करून
परत नेमका थेंबाखाली ठेवला.