तिसरा हात

पहिला दिवा रशीदभाईनं आणला
कुटाराच्या पोत्यात दाबून,
सूतगिरणीच्या गेस्ट हाऊसचा लिलाव झाला त्या आठवड्यात.
पांढरी काच, देठापासून टोपीपर्यंत एकसंध.
"सात्या हाये का बे हे, वारुळावरची?"
बुडाशी कागदाची चिठ्ठी, तिच्यावर
इंग्रजी अक्षरांत मुरा… पुढचं कसरीनं खाल्लेलं.

मी मोटारी बांधतो. पाण्याच्या. तीन एचपी, पाच, साडेसात.
जळालेलं तांबं काढतो, नवं भरतो, वार्निश पाजतो.
उजेड हे माझं खातं नव्हे.
चाळीस रुपये दिले, आणि दोन पंपांच्या मधात
तो ठेवून दिला, फुटू नये म्हणून बोंडं सारून.

मग लागलंच.
समुद्रपूरच्या सलूनमध्ये पिवळ्या पत्र्याची घुमटी,
उलटी करून तीत वस्तरे ठेवलेले;
स्टीलच्या दोन वाट्या देऊन सोडवली.
जामच्या लाँड्रीत संगमरवरी ठोकळा, मणभर,
मधोमध भोक. त्यात म्हणे
माणसाच्या डोक्यावरून वाकणारा दांडा उभा राहायचा,
टोकाला दिवा, जसा गळाला मासा.
दांडा अजून सापडला नाही.
पंचफुला म्हणते, "भेटन तवा भेटन,
तवरोक मी याच्यावर लसूण ठेचतो."

यांना बारीक मानेचे बल्ब लागतात.
हिंगणघाटात दुकानदार हसतो,
नागपूरला जावं लागतं, सीताबर्डीच्या एका बोळीत,
आणि परतीच्या एसटीत बल्ब मांडीवर घेऊन बसावं लागतं,
अंडी उबवणाऱ्या कोंबडीसारखं.
थ्री फेज रात्री बाराला येते.
गाव बॅटऱ्या घेऊन ओलिताला निघतं
आणि मी एकेक दिवा लावून पाहतो.
काहून, ते मला विचारू नका.

तीन हातांचा मिळाला तो उगेमुगे टाइमकीपरकडे.
लाल, पिवळा, निळा. आर, वाय, बी.
खांबावरच्या तीन फेज कुणी खाली उतरवून
टेबलावर मांडाव्या, तसा.
मशिनी बसवायला आलेल्या इटलीच्या साहेबाचा हा.
मिठासोबत बोरं खायचा म्हणे,
अन् रात्र-रात्र या दिव्याखाली कुणाला तरी पत्र लिहायचा.
जाताना दिवा टाकून गेला. पत्रं घेऊन गेला असावा.

खोलला.
लाल हातात रेशमी वेणीची वायर,
पिवळ्यातही तीच.
निळ्यात साधी.
आणि जोडावर टेप नाही,
सूत. वार्निशात बुडवलेलं. सात वेढे,
आठव्याला डावीकडून गाठ.
ती गाठ चुकली म्हणून
डोमाजी उस्तादानं पकडीनं माझी बोटं ठोकली होती,
सोळाव्या वर्षी. अजून थंडीत ठणकतात.
नळी सायकलच्या पंपाची, खरादीवर उतरवलेली.
रंग मात्र असा मिळवलेला
की दिवसाउजेडीही फरक कळू नये.
उस्ताद कधी बोलला नाही.
तो कशाबद्दलच बोलायचा नाही म्हणा,
"दाबून धर," एवढंच.

मागच्या महिन्यात पुण्याहून एक जण आला,
खिशात भिंग, पायात पांढरे बूट.
सात्या पाहून त्याचा आवाज बारीक झाला.
तीन हातांच्या दिव्यापाशी गुडघे टेकून बसला,
बराच वेळ.
"दोन ओरिजिनल आहेत," म्हणाला, "तिसरा लोकल.
तो काढून टाका. मग आकड्याचं बोलू."
चहा घेतला त्यानं. बिस्किटं नको म्हणाला.

आता खरं सांगायचं तर
ते दोन ओरिजिनल सांध्यात ढिले झालेत,
वर केले की हळूहळू मान टाकतात,
पेंगणाऱ्या पाहुण्यासारखे.
निळा जिथं ठेवला तिथं राहतो.
हे मी त्याला सांगणार होतो,
पण त्याची गाडी बैलबंडीमागं अडकून
नुसती हॉर्न वाजवत होती.

रात्री बाराला लाइन आली.
पंचफुला पोत्यावर बसून गोधडी शिवत होती,
मान वर न करता म्हणाली,
"तो निळा इकडं कर जराकसा.
सुईत धागाच जाऊन नाही राहिला."