दार तुझंच ना?

ग्योरलिट्सच्या तळघरात बाप किल्ल्या घासायचा.
नवं गिऱ्हाईक आलं की कानस थांबवून विचारायचा,
"दार तुझंच ना?"
तेवढाच त्याचा कायदा.

माझा कायदा चौदा पानी.
व्यवसायाची नोंदणी, रेडिओलहरींचा दाखला,
संपलेली बॅटरी कुठे टाकायची त्याची सूचना,
शिवाय ठळक अक्षरांत:
हा कॅमेरा रस्ता बघणार नाही,
शेजाऱ्याचं बोलणं ऐकणार नाही.
खोक्यात घडी घालून मी ते ठेवते.
कुणी वाचत नाही, अलीकडे मीसुद्धा.

मंगळवारी त्स्विकाऊहून एका माणसाची ऑर्डर आली.
धूर ओळखणारी चकती हवी,
पण आत डोळा असलेली.
"दिसता कामा नये. झोपायच्या खोलीत लावायचीय.
खोक्यावर दुकानाचं नाव नको."

असली चकती मी ठेवत नाही.
विकली तर परवाना जाईल, हे लिहायला सोपं होतं,
म्हणून तेच लिहिलं.
विचारायचं होतं ते बापाचं वाक्य,
फक्त दाराऐवजी
दुसरा शब्द सुचेना.

त्यानं एकच तारा दिला: "दुकान भित्रं आहे."

रात्री दुकानाबाहेरचं चित्रण तपासताना
कोपऱ्यात ट्शिर्नर म्हाताऱ्यांची खिडकी दिसली.
हातात एकच बशी, तीही किती वेळ पुसत होते.
चार वर्षं दिसत असणार.

शिडी आणली.
कॅमेरा दोन बोटं डावीकडे वळवला.
आता माझी पायरी दिसते,
आणि बापाची पाटी,
तीही अर्धीच.