शांतीचा हात

असोळण्याला, सातच्या मिस्सेत
पाद्री म्हणाले, एकमेकांना शांती द्या.
पुढच्या बाकावरून कैतान वळला.
यानंच रात्री खाजनाचा बांध फोडून
कोरगुटालाही सोसेना
इतकं खारं पाणी शेतात सोडलेलं,
कोळंबीसाठी.

पेर्पेतमावशीनं हात पुढे केला.
त्याचा धरला,
आणि सोडलाच नाही.

"शांती देते रे.
बांध कधी घालतोस?"

ऑर्गन अडखळला. कुणी खोकलं.
वेदीवरचा तो
खाली बघत राहिला नेहमीसारखा,
त्याचे तरी हात कुठे मोकळे!

आम्ही कम्युनियनच्या रांगेला लागलो.
परतलो तेव्हाही
ती दोघं तिथंच, बाकाच्या अल्याडपल्याड.
तो घामाघूम.
मावशी गुडघ्यांवर,
एकाच हातानं क्रूस काढत.