अर्जात तसा रकाना नाही

व्हानाड्झोरच्या शाळेत, कसरतीच्या हॉलमध्ये
मी दर नोव्हेंबरला पंच असते.
बास्केटबॉलच्या रिंगखाली माझं टेबल,
पायाशी तारांची शेगडी, एकच तार पेटणारी.
नाव, जन्मसाल, रेटिंग.
एवढंच विचारते.

तरी सांगतात.
"इथे कमी दिसतंय, पण ऑनलाइन माझं पुष्कळ आहे."
जसं कुणी म्हणावं, मी बुटका वाटतो खरा,
पण आमच्या गल्लीत उंच आहे.
मी मान हलवते. अर्जात तसा रकाना नाही.

न्शाननं तर फोनच पुढे धरला.
गॅसपंपावर रात्रपाळी करणारं पोर,
एकोणीस वर्षांचं, नखांत काळं.
आमच्या यादीत चौदाशे तीस,
पडद्यावर एकवीसशे चौदा.
"तीन मिनिटांचे डाव," म्हणाला,
"गाडी येते, नळी लावतो,
टाकी भरेस्तोवर एकाला लोळवतो."
कधी ब्राझीलचा कुणी, कधी मनिलाचा,
नुसता झेंडा आणि आकडा.
हरला तरी त्याचा चेहरा दिसत नाही,
जिंकला तरी.

मी समजावते, दर वर्षी तेच:
ते तळं वेगळं, त्यातली मासळी वेगळी,
तिथे मोजायला सुरुवातच दुसरीकडून करतात.
कुणी म्हणतं दोनशे वजा कर, कुणी म्हणतं चारशे,
पण माणसागणिक वजाबाकी बदलते.
तापमापकावरही आकडे असतात, बाळा, आणि तराजूवरही,
असं म्हणणार होते.
रांग मोठी होती.

दुसऱ्या फेरीत, पाचव्या पटावर
त्याच्यासमोर आरुस्याकबाई.
रसायनाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत होत्या,
कारखाना होता तोवर.
सोळाशे बारा. चाकूनं तासलेली पेन्सिल.
चाल करायच्या आधी चष्मा काढतात,
केल्यावर घालतात, जणू आता बघू काय झालं ते.

दीड तास झाला.
न्शानच्या घड्याळात अजून तासाहून जास्त शिल्लक,
आणि तो खर्चता येत नाहीये त्याला,
परमुलखातल्या नोटांसारखा.
पाय हलतोय. समोर कुणीतरी श्वास घेतंय,
याची त्याला सवय नाही.

मग हात उंटाकडे गेला,
थबकला,
घोड्याकडे वळला.

बाईंनी घड्याळ थांबवून हात वर केला.
मी गेले. मी पाहिलं नव्हतं,
मी तेव्हा शेगडीच्या तारेशी झटत होते.
"उंटाला हात लागला होता?"
साक्षीदार नाही, म्हणजे शब्दाला शब्द.
उंट हलला की वजीर जातो, हे मलाही दिसत होतं.
शेजारच्या पटांवरची माणसं
मान न वळवता ऐकत होती.

तो उंटाकडे बघत राहिला.
बराच वेळ. त्या दिवसातला त्याचा सगळ्यात लांब विचार.
"लागला," म्हणाला.

सहा चालींत संपलं.

नंतर जिन्यात, कागदी कपातली कॉफी फुंकत
बाई त्याला सांगत होत्या:
नातीनं मलाही खातं उघडून दिलंय की.
तिथे मी साडेनऊशे!
हत्तीला धरायला जावं तर प्यादंच उचललं जातं,
आणि सांगायचं कुणाला,
की अहो, मला हे नव्हतं म्हणायचं.
न्शान पहिल्यांदा हसला.
"या की एकदा रात्री. मी जागाच असतो."
"चिरडशील मला."
"हो," म्हणाला, अगदी सरळपणे.

संध्याकाळी निकाल भरले.
त्याचे दहा गुण गेले, बाईंना थोडे मिळाले.
आकडेमोड बरोबर आहे, मी दोनदा तपासली.

हॉल रिकामा. पाचव्या पटावरचे मोहरे आवरताना
तो उंट हाती आला,
काळा, बुडाचं मखमल निघालेला.
पेटीत टाकणारच होते,
पण हात लागला होता.

एक घर तिरका सरकवला आधी,
मग दिवे मालवले.